सोमा, ते चिंचेचं नव्हतं

सोमा, हात आधी मीच सोडला होता. घे, झालं समाधान? दोन वर्षं तू म्हणत राह्यला, "नामा, तू सोडला," अन् मी म्हणत राह्यलो, "तू झटका देल्ला म्हणून सुटला." नाई गा. कबड्डीच्या मैदानात गिरणीवाल्यांचा तो रेड्यासारखा गडी आपल्या साखळीवर चालून आला अन् माझी बोटं ढिली पडली. भ्यालो मी. तू एकटाच त्याच्या कमरेले लटकला, अन् त्यानं तुले रेषेपार फरफटत नेलं. तुझी दोन्ही कोपरं सोलून निघाली, सामना तिथीच गेला. मी मात्र चारचौघांत तुझ्यावर ढकललं अन् तू "बरं" म्हणून हसला. आता तू गेल्यावर कबूल करून राह्यलो. याचा तुले काय उपयोग, सांग बरं.

पण हे लहान होतं. हे सांगून मी फक्त जीभ सैल करून घेतली. मोठं पुढंच आहे.

तुले जाऊन आज सतरा दिवस झाले. मी बल्लारपुरात खाणीच्या चाळीत बसलो आहे अन् समोर खुंटीवर तुझी काळी बनियन टांगली आहे. ती कोण काढंल? मास्तर म्हणतात, नव्या गड्याले देऊन टाकू. मी म्हणलं, माझ्या जिवंतपणी हात लावून पाहा. आपल्याले कबड्डी शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले, त्यांच्यावर ओरडायचं काही कारण नव्हतं. मी आजकाल कोणावरही ओरडतो.

तू आपल्या संघात आला कसा, हे नवीन पोट्टे मले विचारतात. मी सांगतो, बैलं घेऊन आला. आलापल्लीच्या जंगलातून सागवानाचे ओंडके लादून गाड्या यायच्या, तशीच तुझी आली. रेल्वेच्या यार्डामागं आपलं मैदान. तू बैलं सोडली, काठावर उभा राह्यला अन् आमच्याकडं पाहून दात काढून राह्यला. मले राग आला. "हसतं काऊन बे? जमते तं ये आत!" तू आला. लंगोटीवर. दम धरला तो तुमच्या गोंडी बोलीत, आम्हाले एक अक्षर समजलं नाई. चौघांले शिवून तू परत जाऊन बसला अन् बैलांकडं पाहून राह्यला, की कोणी नेली तं नाई. मास्तर म्हणाले, "दम पक्का आहे, शब्द चुकला. कबड्डी म्हणावं लागते." तू म्हणला, "एवढ्याशा शब्दात दम कुठी मावते गा?"

त्या दिवसापासून तू खाणीचा झाला. नावाले आपण सगळेच खाणीचे कामगार. माझं नाव बत्तीघरात, तुझं लाकडाच्या गोदामात. खरं काम एकच, साहेबाच्या कपाटात चषक आणून ठेवणं. जिंकलो तं नोकरी, हरलो तं आपापल्या गावाले जा. तुले हे कधी समजलंच नाई. तुले वाटे, खेळायले पोटभर जेवू घालतात, भले लोक आहेत.

वर्ध्याचा सामना आठवते? आपले सगळे गडी बाद, तू एकटा उरला. मी बाहेर बसून देव आठवून राह्यलो होतो. तू गेला, तिघं तुझ्यावर पडले, एक पायाले, एक कमरेले, एक मानेवर. अन् त्या ढिगाऱ्यातून तुझा हात निघाला अन् दोन बोटं रेषेवर टेकली. पंचानं शिट्टी मारली. लोकांनी टोप्या उडवल्या. मी तं मास्तरांले उचलूनच घेतलं. तुले चषक देल्ला तं तू तो उलटा करून पाह्यला, म्हणला, "यात पाणी पेता येते का?" अन् सरळ नळावर गेला, भरला अन् गटागटा पेला. साहेबाची बाई तोंडाले पदर लावून हसली. त्या दिवशी आपण राजे होतो, सोमा. मले वाटलं होतं, आता असंच चालणार.

अन् तुझी ती कैरी! चैत्र लागला की खानावळीत वरणात कैरी पडे. सगळे मिटक्या मारत जेवत, तू थाळी सरकवून कोरडी भाकर चावे. मी तुले किती छळलं. "अबे, कैरीच आहे, वाघ नाई." तू म्हणे, "आमचा पंडुम होऊ दे." पंडुम म्हणजे तुमचा सण. गावानं नवी कैरी आधी देवाले द्यायची, मग सगळ्यांनी तोंडात टाकायची. त्याआधी कोणी चाखली तं गावावर कोप. मी म्हणलं, "इथी बल्लारपुरात तुझा देव कुठी पाहून राह्यला?" तू भाकर मोडत म्हणला, "देवाचं राहू दे. तिथी माझी बाई झाडाखाली बसून थांबली आहे. तिनं नाई खाल्ली तं मी कशी खाऊ?"

बाई म्हणजे तुझी मोठी बहीण, चिमीबाई. माय मेल्यावर तिनंच तुले वाढवलं. तुझ्या तोंडात दर दोन वाक्यांनंतर बाई. बाई असं म्हणते, बाई तसं रांधते. आम्ही तुले बाईचं वासरू म्हणत होतो. तुले राग येत नव्हता.

मग नागपूरचं साल आलं. आता माझी जीभ जड होते, पण सांगतोच.

भर चैत्रात सामने. उपांत्य सामना भर दुपारी लावला, मैदानातून वाफा निघून राह्यल्या होत्या. तू जिंकून देल्ला अन् धर्मशाळेत येऊन आडवा झाला तो उठलाच नाई. सकाळी पाह्यलं तं अंग तव्यासारखं, डोळे वर, ओठ फुटलेले. हाका मारल्या, तुले ओ देता येईना. मास्तर डॉक्टर शोधायले पळाले. धर्मशाळेच्या म्हातारीनं पाह्यल्याबरोबर सांगतलं, "लू लागली पोराले, ऊन बाधलं. कैरी भाज, पन्हं कर, पाज. डॉक्टराची वाट पाहशीन तं पाहतच राहशीन."

मी चुलीत दोन कैऱ्या टाकल्या. साल काळी होईपर्यंत तिथीच बसलो. तुझा पंडुम मले आठवत नव्हता असं नाई. चांगला आठवत होता. मनात म्हणलं, जीव मोठा की नेम मोठा? जीव जाऊन राह्यला माणसाचा! अन् खोटं काऊन बोलू, दुसऱ्या दिवशीचा अंतिम सामनाही मनात होता. तुझा जीव अन् तो सामना, यातलं कोणतं आधी होतं, हे मी अजून ठरवू शकलो नाई. गर काढला, गूळ, मीठ, जिरं भरपूर टाकलं. तुझं डोकं मांडीवर घेतलं अन् चमच्या चमच्यानं सोडत गेलो. उरलेला गर तळपायाले चोळला.

दहा-बारा चमचे गेले असतील. तुझी जीभ हलली. डोळे न उघडताच तू म्हणला, "आंबट आहे." मग म्हणला, "अजून दे." मले रडूच आलं बाप्पा. अर्धा गडवा तू पेला. मग डोळे उघडले अन् विचारलं, "काय पाजलं गा?"

"चिंचेचं," मी म्हणलं.

एकच शब्द. विचारसुद्धा नाई केला. चिंच तुले चालत होती, मागच्या सालची, तिचा सण होऊन गेला होता. तू मान हलवली अन् झोपला. तू माझ्यावर कधीच शंका घेतली नाई. काऊन नाई घेतली? घ्यायले पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तुले शेवटच्या काही मिनिटांपुरतं उतरवलं. तुझे पाय लटपटत होते. म्हणाले, चढाई नको करू, फक्त नामाचा हात धरून उभा राहा. गिरणीवाल्यांचा तोच तो रेडा चालून आला. त्या वेळी मी हात नाई सोडला, सोमा. माझ्या नखांनी तुझ्या मनगटावर रक्त निघालं. दोघांनी मिळून त्याले असा उताणा पाडला की त्याचा दम "कब" मध्येच राह्यला. आपण जिंकलो. तुले खांद्यावर घेतलं तं तू म्हणला, "बाईले सांगीन, चिंचेच्या पाण्यानं जिंकलो." मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

करायले गेलो गणपती अन् झाला मारुती.

तू गावाले गेला. महिन्यानं परतला तं तुझा चेहरा पाहवेना. मैदानाच्या कडेले बसून तू पायाचा काटा काढून राह्यला होता, अन् काटा तं नव्हताच. मी विचारलं तेव्हा सांगतलं. गावावर गारपीट झाली, मोहफूल सगळं मातीत गेलं. दोन गाई वाघानं नेल्या. भुमकानं, म्हणजे तुमच्या गावच्या पुजाऱ्यानं, सगळ्यांले जमवलं अन् विचारलं, पंडुमच्या आधी कैरी कोणी खाल्ली?

"सगळ्यांनी माझ्याकडंच पाह्यलं," तू म्हणला. "शहरातून आलो ना. मी उठलो, माती हातात घेतली, म्हणलो, माझ्या जिभेले नवी कैरी लागली असन तं ही माती माझ्या अंगावर पडो."

मी तुझ्या पायाकडं पाहत विचारलं,

"मग?"

"मग बाईच्या झोपडीमागं साली सापडल्या. कैरीच्या."

"अबे, माकडानं टाकल्या असतील!"

"मीबी तेच म्हणलो. बाईले म्हणलो, सांग ना वं, तू नाई खाल्ली. ती बोललीच नाई. खाली पाहून बसली. नामा, ती बोलली काऊन नाई?"

तिचा बोकड दंडात गेला. सणाच्या दिवशी तिच्या हातचं कोणी घेईना. अन् तूसुद्धा घेईना. जिच्यासाठी तू इथी कोरडी भाकर चावली, तिनं आधी खाऊन घेतली, हे तुझ्या मनात असं काही रुतलं की तू तिच्या उंबऱ्यात बसणं सोडलं. पण लुगडं घेतल्याशिवाय कधी गावाले गेला नाई. ते तिच्या कुडावर टाकायचं अन् न बोलता निघून यायचं. मी तुले शिव्या देल्ल्या, "भैताड, बहीण आहे ती तुझी!" तू म्हणला, "म्हणूनच तं."

त्याच घडीले मी सांगायले पाहिजे होतं. शब्द ओठापर्यंत आले होते. पण पुढच्या आठवड्यात यवतमाळले सामने होते. तुले खरं समजलं असतं तं तू उठून गावाले गेला असता, भुमकापुढं उभा राह्यला असता अन् परत कधी बनियन घातली नसती. तू गेला म्हणजे संघ गेला, संघ गेला म्हणजे आमची सगळ्यांची भाकर गेली. मी म्हणलं, हे सामने होऊ दे. मग म्हणलं, हा हंगाम होऊ दे. मग तू जरा हसायले लागला, तं म्हणलं, आता कायले उकरू. असे तीन साल निघून गेले. त्यातच पुढच्या साली गिरणीवाल्यांसमोर माझ्या हातून साखळी सुटली, आपण हरलो, अन् तेही मी तुझ्यावर ढकललं. असा मी तुझा दोस्त.

यंदा होळीनंतर तू सुटी घेऊन गेला. सागवानाच्या ट्रकवाल्यानं निरोप आणला, सोमाले ताप आहे. मी म्हणलं, होईन बरा, त्याचं काय, बैलासारखा गडी. दोन दिवसांनी दुसरा ट्रकवाला आला. तो गाडीतून उतरला, डोक्याचा दुपट्टा काढला अन् नुसता उभा राह्यला.

मी निघालो. ट्रकनं नदीपर्यंत, नदी नावेनं, पुढं आलापल्लीपर्यंत आणखी एक ट्रक, मग दिवसभर पायी. पोचलो तं सगळं होऊन गेलं होतं. तुझ्यावरची माती अजून ओली होती. मी ती मुठीत घेतली अन् तुझी ती शपथ आठवली. हातातून माती गळून गेली. सोमा, मी शिकलेला माणूस आहे, चौथी पास आहे. तापानं माणूस मरते, हे मले माहीत आहे. पण तिथी उभं राहून मले काहीच माहीत नव्हतं.

चिमीबाई आंब्याखाली बसली होती. मी तिले पहिल्यांदा पाह्यलं. तुझंच नाक, तुझेच दात. मी न सांगताच तिनं मले ओळखलं. "तू नामा."

"हाव, बाई."

ती सांगत गेली. ताप चढल्यावर तू चुलत्याकडं पडून होता. शुद्ध होती तोवर तिनं दिलेलं पाणी तू घेतलं नाई, तोंड भिंतीकडं फिरवलं. तिसऱ्या दिवशी शुद्ध गेली, तेव्हा कुठी तिले तुझं डोकं मांडीवर घेता आलं. "मंग पेला," ती म्हणली. "बेसुद होता म्हणून पेला."

माझा धीर सुटला. मी तिथीच मातीत बसलो अन् सगळं सांगून टाकलं. नागपूर, लू, चुलीतल्या दोन कैऱ्या, चिंचेचं म्हणलो ते. थांबलो नाई, थांबलो असतो तं परत बोललोच नसतो. वाटलं, आता ही मले चपलेनं मारंल, गावाले हाक देईन. मले तेच पाहिजे होतं.

ती माझ्या जवळ सरकली. मग म्हणली, "म्हणजे त्याले माहीतच नव्हतं?"

"नाई बाई. तुझी शपथ, त्याले माहीत नव्हतं."

"तो खोटा नाई बोलला?"

"नाई."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अन् सोमा, ती हसली का रडली, मले सांगता येत नाई. "मले वाटलं होतं, त्यानंच खाल्ली," ती म्हणली. "शहरात राह्यते, पोटाले लागली असन, खाल्ली असन. अन् भ्यानं माती उचलली. साली कोणी टाकल्या मले माहीत नाई, पण त्याच्यासाठी मी बोलली नाई. म्हणलं, माझ्यावर येऊ दे. पोराची शपथ तरी राहीन."

ऐकून राह्यला ना तू? ती बोलली काऊन नाई, हे तू मले तीन साल विचारलं. घे उत्तर. तिनं ते तुझ्यासाठी अंगावर घेतलं, अन् तू तिच्याच हातचं पाणी सोडलं. मधात मी होतो, एक शब्द बोललो असतो तं तुम्ही दोघं एका थाळीत जेवले असते.

मी उठलो. म्हणलं, "बाई, मी आताच्या आता भुमकाकडं जातो. सगळ्या गावाले सांगतो."

तिनं माझं मनगट धरलं. तुझ्यासारखीच पकड, हलता येईना. "नाई सांगायचं."

"बाई, तुझ्यावरचा डाग—"

"लोक काय म्हणतील? माती उचलली अन् माती पडली. शपथ फळली म्हणतील. त्याच्या नावाचा दगड उभा करायचा आहे अजून, मंग गाव उभा करू देईन का? त्याले सुखानं राहू दे. मी जिती आहे, मी सोसीन."

मी काय करू, सांग. सांगतलं तं तुझं नाव जाते, नाई सांगतलं तं तिचं राहत नाई. मैदानात कधी अडलं तं मी तुझ्याकडं पाहत होतो, तू डोळ्यानं खूण करे. आता कोणाकडं पाहू? मी परत खाली बसलो. माझं मनगट तिनं अजून सोडलं नव्हतं.

मग एकदम, लहान पोरीवानी, तिनं विचारलं, "चांगलं लागलं होतं का त्याले?"

"हाव, बाई. अजून दे म्हणला होता."

"अजून दे म्हणला?"

"हाव."

तिनं मान हलवली. आमच्या चारी बाजूंनी कैऱ्या पडल्या होत्या. पंडुम व्हायचा होता, म्हणून कोणी उचलल्या नव्हत्या.